मधलं पान

आमच्या मुदखेडच्या घरात अभ्यास म्हणजे आवाज. रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या कसल्या अभ्यासाला जागाच नव्हती. स्टेशनवरची घोषणा आमच्या स्वयंपाकघरात अशी यायची, की गाडी किती उशिरा धावतेय हे प्रवाशांच्या आधी माझ्या मायला कळायचं. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज, कुकरची शिट्टी, ट्रॅकवरून आलेल्या बाबांचं न्हाणीत खाकरणं, आणि या सगळ्याच्या वर माझा आवाज. मी हातात गाइड धरून पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारायचे आणि इंग्रजी उत्तरं म्हणायचे. बी.ए.ची तिन्ही वर्षं मी अशी चालत काढली. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "आज तेच का गं कालचं?" मायला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण उत्तरांची चाल तिच्या कानात बसली होती. मी एखादी ओळ गाळली की भाकरी उलटता उलटता म्हणायची, "थांब. मधी एक राह्यलं बघ." आणि खरंच राहिलेलं असायचं.

हे मी कौतुकानं सांगत नाही. रागानं सांगतेय. माझं वय आठवणी लिहिण्याचं नाही हे मला ठाऊक आहे, सांगणारेही पुष्कळ भेटलेत. पण म्हातारं होईपर्यंत थांबले तर राग निवेल, आणि ही गोष्ट निवलेल्या रागानं सांगायची नाही.

तर, आमच्या अभ्यासक्रमाला कादंबऱ्या होत्या, नाटकं होती, कविता होत्या. त्यातलं एकही पुस्तक मी तीन वर्षांत हातात धरलं नाही. नांदेडच्या कॉलेजात आमच्या वर्गातल्या कुणीच धरलं नाही. ग्रंथालयात ती होती, कपाटात, कुलपात. आमच्याकडं होतं गाइड, आणि सरांच्या नोट्स. सर तास सुरू झाला की लिहून द्यायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, आणि परीक्षा जवळ आली की वर्गातून एकच ओरडा, "सर, आयएमपी सांगा!" मग सर फळ्यावर आठ प्रश्न लिहायचे. त्या आठांतले पाच यायचेच. इंग्रजी साहित्याचा आमचा सगळा संसार त्या आठ प्रश्नांत मावायचा. आणि सरांचा एक कानमंत्र होता, तो ते दर वर्षी नव्यानं शोधल्यासारखा सांगायचे: "सुरुवात झोकात करा, शेवट झोकात करा. मधी काय बी भरा. तपासणाऱ्याला कुठं येळ हाय मधलं वाचायला?"

आम्ही हसायचो. सर चांगले होते, पोरांना स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालायचे. म्हणून त्या वाक्यानं आमचं काय केलं हे कळायला मला फार वेळ लागला. मधलं कुणी वाचत नाही असं मानून लिहायला शिकलेला माणूस हळूहळू स्वतःही मधलं वाचायचं सोडतो. मी सोडलं. कसलाही इंग्रजी मजकूर समोर आला की माझा डोळा पहिल्या परिच्छेदावर उतरायचा, तिथून थेट शेवटच्यावर उडी. मधला भाग म्हणजे भरती. मला यात काही चूक वाटत नव्हती, कारण मी कॉलेजात पहिली आले होते. शाल मिळाली, नारळ मिळाला, कॉलेजच्या फाटकावरच्या फ्लेक्सवर फोटो लागला. बाबा ड्यूटी सोडून तो फ्लेक्स बघायला नांदेडला आले. त्याच्याखाली बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "नाव बरोबर लिहिलंय." एवढंच.

त्याच काळात मी विद्यार्थी संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला लागले. वसतिगृहाच्या पाण्यावर, बसच्या पासवर, अडकलेल्या शिष्यवृत्तीवर. पत्रकाची एक रीत असते. वर ठळक मथळा, उद्गारचिन्ह, पहिल्या ओळीत 'जाहीर निषेध', शेवटच्या ओळीत 'अन्यथा तीव्र आंदोलन'. मला ते फार लवकर जमलं. कशामुळं जमलं, ते सांगायला नकोच.

एम.ए.ला मी लातूरला गेले. तिथं कॉट बेसिसवर खोली, मेसचा डबा, आणि दिवसभर अभ्यासिका. अभ्यासिका म्हणजे एका हॉलमध्ये प्लायवूडची खोपटी, प्रत्येकाला नंबर, आजूबाजूला डॉक्टर व्हायला निघालेली लेकरं मान खाली घालून बसलेली, आणि भिंतीवर पाटी: ओठ हलवू नयेत. मी सत्तावीस नंबरात बसायचे. ओठ न हलवता मला काही आठवायचंच नाही. फेऱ्या नाहीत, भाकरीची थाप नाही, गाडीची घोषणा नाही. डोक्यात नुसती वळवळ. मी पाणी प्यायला उठायचे, बाटली भरून यायचे, परत उठायचे. सव्वीस नंबरवाली एकदा चिठ्ठी सरकवून गेली: 'दीदी, तुम्ही दिवसातून किती पाणी पिता?'

खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर शाहीन होती. देगलूरची, माझ्याच वर्गातली, बी.ए.ला कशीबशी पास झालेली. तिच्याकडं गाइड नव्हतं. तिच्याकडं खरं पुस्तक होतं, पानं मोकळी झालेलं, रबर लावून ठेवलेलं. रोज दुपारी ती अम्मीला फोन लावायची आणि त्या दिवशी वाचलेलं पान दखनीत सांगायची. "अम्मी, आज क्या हुआ मालूम? वो बुड्ढी ने शादी तोड दी." मग पलीकडून प्रश्न यायचे, कामून तोडली, पोरीचा बाप काय म्हणला. शाहीनला उत्तर आलं नाही की ती फोन ठेवून पुन्हा पान उघडायची. मी आपली गाइडातून मान वर करून म्हणायचे, "अगं, हे परीक्षेला न्हाई येत. कामून टाइमपास करायलीस?" ती म्हणायची, "अम्मी को बोलना पडता ना." मला तिची दया यायची. आज लिहितानासुद्धा कानशिलं गरम होतात.

आता सुनंदाताईचं सांगते, कारण हे प्रकरण तिचं आहे. ताई माझी सख्खी बहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नर्सिंग करून नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात लागलेली. रोज मुदखेडहून गाडीनं जाणं-येणं. जाताना उभ्यानं, येताना बसून झोप. मुदखेड आलं की डब्यातल्या भाजीवाल्या बायका तिला हलवून उठवायच्या. तिला अतिदक्षता विभागात काम करायचं होतं, मोठ्या ठिकाणी, जिथं सगळी यंत्रं असतात आणि नर्सला नर्स समजतात, चहा आणणारी बाई समजत नाहीत. तिनं हैदराबादच्या एका मोठ्या रुग्णालयात अर्ज केला. मुलाखत मोबाइलवर झाली. ती तिनं चादरी ठेवायच्या खोलीत उभं राहून दिली, दोन ड्यूट्यांच्या मधे. आणि एक दिवस त्यांचं पत्र आलं, तीन पानांचं, तिच्या ईमेलवर.

ती तेव्हा पेशंटपाशी होती. तिनं ते मला लातूरला पाठवलं. खाली लिहिलं: 'तू इंग्लिशवाली हायस. काय म्हणतेत बघ अन् सांग.'

मी सत्तावीस नंबरात होते. मोबाइल मांडीवर ठेवून उघडलं. पहिला परिच्छेद: आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होतो. अंगठ्यानं भरकन वर सरकवलं. शेवटचा परिच्छेद: एक तारखेस आपले स्वागत करण्यास आम्ही उत्सुक आहोत. मी बाहेर जिन्यात पळाले आणि आवाजी मेसेज पाठवला. तो मेसेज अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. "ताई! झालं गं! एक तारखेला जॉइन व्हायचं. बाकी काय न्हाई, निस्तं अभिनंदन-बिभिनंदन हाय."

बाकी काय न्हाई.

ताईनं ते गाडीत ऐकलं आणि भाजीवाल्या बायकांना सांगितलं. बाबांनी ट्रॅकवरच्या सगळ्या गँगला पेढे वाटले. तिनं नांदेडच्या दवाखान्यात राजीनामा दिला, तिथं लगेच दुसरी मुलगी घेतली. मायनं शेंगदाण्याची चटणी कुटली, एवढी की अख्ख्या हैदराबादला पुरावी. चाकाची बॅग आली. ताई ती बॅग घरातल्या घरात ओढून बघायची, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत.

एक तारीख जवळ आली तशी ताईनं गाडी किती वाजता पोचते ते कळवायला तिथं फोन केला. तिकडच्या बाईनं नाव विचारलं, थांबायला सांगितलं, आणि मग म्हणाली की तुमच्याकडून काहीच आलं नाही म्हणून ती जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. ताईला आधी वाटलं दुसऱ्या सुनंदाबद्दल बोलतायत. मग फोन बंद झाला.

घरात आग लागली. बाबा मला फोनवर म्हणाले, "गरिबाची पोरगी दिसली म्हणून दिली दुसऱ्याला. वशिल्याचं माणूस आलं आसंल. मी सोडणार न्हाई. पास काढायलोय. परवा सकाळच्या गाडीनं जाऊन त्यांच्या दारात बसतो." बाबा तीस वर्षं रुळावर होते, पण कुणाच्या दारात बसलेले मी कधी बघितले नव्हते. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही जावा. मी पत्रक काढते. पेपरात छापून आणते."

मथळा मी पाच मिनिटांत लिहिला. 'नियुक्तीच्या नावाखाली मराठवाड्याच्या लेकींची क्रूर थट्टा!' पहिली ओळ आली, शेवटची आली. संघटनेतल्या सचिनला फोन केला. तो म्हणाला, "जबरदस्त. प्रेसवाला थांबलाय. पण मधी पुरावा टाक. त्या पत्रातलं काय तरी, मराठीत करून. नुसती बोंब कोण छापतंय?"

म्हणून मी पत्र उघडलं. पुराव्यासाठी. शाहीन कॉटवर पाय पसरून संत्रं सोलत होती. म्हणाली, "पूरा पढ के सुना पहले. फिर लिख."

मी वाचायला लागले. मोठ्यानं, एक वाक्य इंग्रजीत, तेच मराठीत. पहिलं पान झालं. मग दुसरं आलं. तिसऱ्या वाक्याशी मी थांबले. शाहीन म्हणाली, "आगे?" तिथं लिहिलं होतं, सरळ, साध्या, शाळेतल्या पोराला कळेल अशा इंग्रजीत: हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत तिसऱ्या पानावर सही करून ते आम्हाला परत पाठवावे. सोबत वैद्यकीय तपासणीचा दाखला जोडावा. तसे न केल्यास आपणास ही जागा नको आहे असे समजले जाईल.

एकही अवघड शब्द नव्हता. हे मला अजून सहन होत नाही. अवघड असतं तर मी कॉलेजवर ढकललं असतं, सरांवर ढकललं असतं. मला ते वाचता येत होतं. मी वाचलंच नव्हतं.

शाहीननं संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवली. सचिनचा फोन वाजत होता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जो पहिला विचार आला तो लाजिरवाणा होता: पत्रक अजून निघू शकतं. बाबा इंग्रजी वाचत नाहीत. ताईनं मधलं वाचलेलं नाही, वाचलं असतं तर बोलली असती. कोण बघणार आहे? मी फोन उचलला. "सचिन, प्रेसवाल्याला जाऊ दे." "का गं? काय झालं?" "मजकूर खोटा हाय." तो म्हणाला, "मग काय झालं, दुरुस्त कर." मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. अहमदपूर, लोहा, नांदेड, सगळा रस्ता मी खिडकीपाशी बसून एकच तयारी करत होते. कारण त्याच पानावर, त्या वाक्याच्या खाली, आणखी एक होतं: दोन वर्षं नोकरी सोडता येणार नाही, आणि तोपर्यंत मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाकडं जमा राहतील. हे वाचून मला कुठंतरी हुरूप आला होता. असल्या अटी! ही तर पिळवणूक. ताईला मी सांगेन की चूक झाली, पण बरंच झालं, तू अडकली असतीस. मी बसमध्ये ते वाक्य घोळवून घोळवून गुळगुळीत केलं.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. ताई मागच्या दारात अंबाडी निवडत बसली होती. बाबांचा इस्त्रीचा शर्ट खुंटीवर, वरच्या खिशातून रेल्वेचा पास डोकावत होता. माय म्हणाली, "अशी अचानक? डबा बंद झाला का मेसचा?"

"बाबा, हैदराबादला जायचं न्हाई."

"कामून?"

"त्यांची चूक न्हाई. माही हाय."

बाबा हसले. त्यांना वाटलं मी त्यांना भांडणापासून अडवतेय. "तुही कशी चूक? तू तर लातुरात."

मी सांगितलं. पहिलं वाचलं, शेवटचं वाचलं, मधलं सोडलं. सात दिवस. सही. दाखला. बोलताना मला जाणवलं की हे किती लहान आहे, चार वाक्यांत संपतं. बाबांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, अगदी शांतपणे, खरंच माहिती हवी असल्यासारखं, "मग तुला पहिला नंबर कशाचा दिला त्यांनी?"

ताईचे हात थांबले होते. ती म्हणाली, "वाच."

"काय?"

"पत्र. सगळं. पहिल्यापासून."

मी उभ्यानं वाचलं. एक वाक्य इंग्रजी, एक मराठी. माय पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. सात दिवसांचं वाक्य आलं, ते वाचलं. खालच्या अटी आल्या, आणि तिथं मी थांबले आणि बसमध्ये तयार केलेलं बोलले. "ताई, बघ ना, दोन वर्षं सोडता आलं नसतं. मूळ कागद बी त्यांच्यापाशी. असल्या ठिकाणी तू..."

"मी गेले असते."

"अगं, पण अटी..."

"दोन काय, पाच वर्षं म्हणले असते तरी गेले असते. आवडलं नसतं तर रडले असते तिथं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "ते मी ठरवायचं होतं, मने. तू न्हाई."

माय म्हणाली, "आधी जेवून घ्या." कुणी जेवलं नाही. बाबांनी पास खिशातून काढला आणि टीव्हीवर ठेवला.

मी त्या रुग्णालयाला पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं इंग्रजी, जे कुठल्या गाइडातलं नव्हतं. दोन दिवस लागले, अर्धं पान झालं. त्यांचं उत्तर आलं: जागा भरली आहे. ते मी तीनदा वाचलं, मधलंसुद्धा.

लातूरला परतल्यावर मी शाहीनच्या पायाशी बसून वाचायला शिकले, यात अतिशयोक्ती नाही, तिची कॉट उंच होती. रीत तिचीच. एक पान. शब्द अडला तरी आधी थांबायचं नाही, वाक्य संपवायचं. पान झालं की पुस्तक पालथं घालायचं आणि काय झालं ते आपल्या भाषेत समोरच्याला सांगायचं. कोण बोललं, कुणाला, कामून. सांगता आलं नाही तर पुन्हा तेच पान. मग शब्दकोश, तोही तीन-चार शब्दांपुरता. पेन्सिलीनं खूण फक्त तिथं, जिथं आपल्याला काही विचारायचंय. मी आधी ओळीच्या ओळी रंगवायचे, सगळं पिवळंजर्द, म्हणजे काहीच नाही. पहिल्या पानाला मला तीन दिवस लागले. शाहीन ओठ चावून हसू दाबायची. "फर्स्ट क्लास फर्स्ट," म्हणायची. अभ्यासिका मी सोडली, कारण ओठ हलवल्याशिवाय मला वाचता येत नाही आणि यापुढं मी त्याची लाज धरणार नव्हते. त्या सत्रात माझे मार्क उतरले. जे आठ प्रश्न सगळ्यांनी पाठ केले ते मी केले नव्हते, आणि वाचून झालं होतं एकच पुस्तक.

आता मी याच विषयावर पत्रकं काढते आणि कॉलेजांच्या फाटकांवर वाटते. काही प्राध्यापक फाडून टाकतात. एकानं प्राचार्यांकडं तक्रार केली की ही मुलगी विद्यार्थ्यांना बिघडवते. कंधारला एक मुलगी मला तोंडावर म्हणाली, "ताई, आमाला पास व्हायचंय, वाचायचं न्हाई." मी तिच्यावर ओरडले नाही. मी तिला विचारलं, घरी इंग्रजी कागद आला तर कोण वाचतं? ती म्हणाली, "मीच की." पोरींचा दोष नाही. ज्यांनी पुस्तकं कुलपात ठेवली आणि प्रश्न फळ्यावर लिहिले, त्यांना मी विचारतेय. उत्तर अजून आलेलं नाही.

ताई दोन महिने घरी बसली. मग भोकरच्या एका छोट्या दवाखान्यात लागली. तिथं मोठी यंत्रं नाहीत, आणि चहा तीच आणते. माझ्याशी ती बोलते, हसते, माझ्या ताटात स्वतःची भाकरी सरकवते. लोकांना वाटेल सगळं मिटलं.

मागच्या सुट्टीत मी घरी गेले होते. ताई पुढच्या दारात उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर कागद, कुठून तरी प्रिंट काढून आणलेले, दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयाच्या भरतीचे. इंग्रजीतले, पाचेक पानं. हातात पेन्सिल. मला मायनंच सांगितलं की ती चार दिवस तेच घेऊन बसतेय. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. ती ओळीवर पेन्सिल ठेवून पुढं सरकत होती, हळू, एकेक वाक्य, ओठ हलत होते. दुसऱ्या पानावर एका शब्दाशी पेन्सिल थांबली. तो शब्द मला येत होता. माझी सावली तिच्या कागदावर पडली होती, म्हणजे मी मागं आहे हे तिला माहीत होतं. मी वाट बघितली.

तिनं मोबाइल काढला, शब्द शोधला, कडेला बारीक अक्षरात लिहिला. मग कागद थोडा उजेडाकडं वळवला, सावलीतून बाहेर, आणि पुढची ओळ वाचायला लागली.